दीड जीबीची पसंती

दादाने फोन माझ्या नाकासमोर धरला आणि मोकळ्या हाताच्या बोटाने हवेत एक गोल काढला. मग त्यावरच दुसरा, मग तिसरा. फोनच्या पडद्यावरही तसाच एक गोल फिरत होता. भुवया उंचावून त्याने विचारलं, "हे काय झालंय?"

दुपारचे दोन चाळीस झाले होते, आणि चार वाजता कावेरीच्या वडिलांचा व्हिडिओ कॉल यायचा होता.

माझा दादा, श्रीधर, जन्मापासून बहिरा. घरात आम्ही त्याच्याशी हातांनीच बोलतो. इथे त्याची वाक्यं मी अवतरणात घालते आहे, ती सगळी हातांची समजा. बहिऱ्यांमध्ये प्रत्येकाला खुणेचं एक नाव असतं. लहानपणी यंत्रमागाचा धोटा उडून दादाची उजवी भुवई फुटली होती, तिथे वण आहे. म्हणून उजव्या भुवईला दोन बोटं लावली की झाला श्रीधर. आई त्याला हाक मारते तीही अशीच.

हे सात वर्षांपूर्वीचं. आम्ही इचलकरंजीत राहतो आणि दादा यंत्रमागावर काम करतो. मागांच्या खडखडाटात ऐकू येणारी माणसंही खुणांनीच बोलतात, त्यामुळे कारखान्यात तो कधी वेगळा पडला नाही. उलट नव्या माणसांना खुणा शिकवायला मालक त्यालाच पुढे करायचे. पण खुणांनी कामाचं बोलता येतं, मनातलं बोलायला कोणीतरी आपल्यातलं लागतं. ते त्याला कावेरीत सापडलं. ती हिंगोलीची, तीही जन्मापासून बहिरी. पुण्याला बहिऱ्यांचा एक मेळावा झाला, तिथे दोघांची ओळख झाली, आणि तेव्हापासून रोज संध्याकाळी सात ते आठ व्हिडिओ कॉल. तुम्हीआम्ही फोनवर तासभर बोललो तर त्याला गप्पा म्हणतात. दादा तासभर बोलला की कंपनीच्या लेखी तो अतिवापर व्हायचा, आणि कंपनी त्याचा वेग कापायची. रोजचे दीड जीबी संपले की दोघांचे हात पडद्यावर गोठायचे.

लिहून का बोलत नाहीत, असं लोक विचारतात. दादाने सातवीत शाळा सोडली. लिहिलेली मराठी त्याच्यासाठी परक्या गावासारखी आहे, पाट्या वाचून घरी पोचता येतं इतकंच.

तर वर्षभराने दोघांनी घरी सांगितलं. आमच्या आईने देवापुढे साखर ठेवली. कावेरीच्या वडिलांनी मात्र नकार दिला. दिगंबरराव ढवळे हिंगोलीच्या बसस्थानकावर वाहतूक नियंत्रक होते. माइकवरून गाड्या पुकारायचे काम. आयुष्यभर आवाजावर जगलेला माणूस, आणि पदरात मुलगी बहिरी. तिच्याशी त्यांचं बोलणं व्हायचं ते बायकोमार्फत. तिच्या खुणा फार भरभर होतात, आपल्याला उमगत नाहीत, असं म्हणून त्यांनी कधीच हात टेकले होते. त्यांचं म्हणणं, बहिरीला बहिरा देऊन दोघांचा संसार ऐकायचा कोणी? म्हणून त्यांनी नांदेडचं एक स्थळ धरलं होतं. ऐकू येणारा, बिजवर, तिच्याहून चौदा वर्षांनी मोठा. शनिवारी कळलं की रविवारी पाच वाजता ती मंडळी सुपारी फोडायला येणार आहेत.

कावेरी त्या रात्री जेवली नाही. शेवटी दिगंबरराव एवढं कबूल झाले की रविवारी चारला मुलाला पाहतो. व्हिडिओवरच पाहतो, कारण एका रात्रीत हिंगोली गाठणं आम्हाला शक्य नव्हतं. दादा बोलेल, मी तोंडाने सांगेन, ते विचारतील, मी हातांनी सांगेन, असं ठरलं. मी दुभाषी. मला तर बोहल्यावर मीच चढणार असल्यासारखं झालं होतं. सकाळपासून मी डोक्यावर झकास अंबाडा घातला होता.

आणि आता हा गोल फिरत होता.

मी मेसेज उघडला. आजच्या वेगवान डेटाची मर्यादा संपली आहे, यापुढे वेग चौसष्ट केबीपीएस. दादाने पुन्हा विचारलं, "संपला कसा? मी सकाळपासून हात लावला नाही. मुद्दाम राखून ठेवला होता." मी खांदे उडवले आणि मॅचचं काहीतरी असेल असं सांगून टाकलं. त्या दिवशी मॅच होतीच.

मग मी जी धावपळ केली तिला तोड नाही. आधी कंपनीला फोन लावला. पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली की मॅडम, तुमचा प्लॅन अनलिमिटेडच आहे, नेट बंद झालेलं नाही, फक्त वेग कमी केलाय. म्हणजे जेवण पोटभर, फक्त पळीऐवजी सुईच्या टोकाने वाढणार. चौकातल्या रिचार्जवाल्याकडे पळाले. त्याने जादा डेटाचं पॅक मारलं, पैसे घेतले आणि मग सांगितलं की आज सर्व्हर दमलाय, चार तासांत कधीही चालू होईल. चार तासांत नांदेडकर सुपारी फोडून, जेवून परतीच्या वाटेला लागले असते.

मग गल्ली पालथी घातली. लोक शेजारी विरजण मागायला जातात, मी नेट मागत फिरले. पण केबल सकाळीच गेली होती आणि अख्ख्या गल्लीने मॅच फोनवर पाहिली होती. ज्याच्या त्याच्या फोनवर तोच गोल. नेट उरलं होतं ते एका जयाकाकूंचं, आणि त्यांचा फोन त्यांचे यजमान मॅच पाहायला शेजारच्या कबनूरला घेऊन गेले होते. काकूंनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि अंबाडा सुरेख झालाय म्हणाल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग धीर द्यायला म्हणून त्या माझ्याबरोबर आमच्या घरी आल्या, आणि त्यांच्यामागून गल्लीतल्या आणखी तिघीचौघी.

बरोबर चारला फोन थरथरला. दादाने इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि हात दोनदा साबणाने धुतले होते. त्याच्यासाठी हात धुणं म्हणजे घसा खाकरणं.

पडदा आधी काळा, मग करडा, मग एकदम चित्र आलं. मध्ये खुर्चीत दिगंबरराव, भरघोस मिशा, खांद्यावर टॉवेल. शेजारी कावेरी, मागे तिची आई. चित्र आलं आणि भिंतीवरच्या फोटोसारखं तिथेच थांबलं. आवाज तर कोंबडीच्या गळ्यात अडकल्यासारखा तुटत होता. मी माझ्या साध्या फोनवरून दिगंबररावांना लावलं. बोलण्याच्या फोनला मर्यादा नव्हती. मी सांगितलं की नेट संथ आहे, तुम्ही या फोनवर बोला, चित्र जसं येईल तसं पाहा.

ते नाराजच होते. म्हणाले, "बरं. सुरू करा."

दादाने सुरू केलं. त्याचे हात किती देखणे चालतात हे मी सांगू नये, बहीण आहे म्हणून सांगते असं वाटेल. पण त्या दिवशी त्याचे हात पलीकडे पोचतच नव्हते. एक चित्र पोचायचं, मग मधलं सगळं गडप, मग चार खुणांनंतरचं एखादं चित्र, तेही पुसट.

"हे काय कळंना मला," कानात दिगंबरराव म्हणाले. "नुसते हात उडायलेत."

मी म्हटलं, मी सांगते ना, तो म्हणतोय की...

"ताई, तुमचं ऐकायला नाही बसलो मी. तुम्ही हुशार आहात हे कळलंच. पण उद्या माझ्या लेकीच्या घरात तुम्ही असणार नाहीत. तिथं हे दोघंच. मला एकच सांगा. रातच्याला लेकरू रडलं तर कोणाला ऐकू यावं?"

खोलीत सगळ्या बायका माझ्या तोंडाकडे पाहत होत्या. दादाही पाहत होता. मी प्रश्न हातांनी त्याला सांगितला. सांगताना माझे हात जड झाले. कारण हा प्रश्न मलाही पडला होता आणि मी तो कधी त्याला विचारला नव्हता.

दादा हसला. खरंच हसला. हे उत्तर त्याच्याजवळ किती दिवसांपासून तयार होतं कोण जाणे. त्याने हात उचलले आणि मी फोनमध्ये बोलायला तोंड उघडलं, तसा त्याने माझ्या फोनवर पंजा ठेवला.

"तू नको," तो म्हणाला. "त्यांनी मला विचारलंय."

"त्यांना दिसत नाही तुझं!"

"दिसेल. थांब."

आणि तो नुसता पडद्याकडे पाहत उभा राहिला. चार वाजून बावीस मिनिटं. कानात खुर्ची सरकल्याचा आवाज आला, दिगंबरराव बायकोला म्हणत होते की पाव्हण्यांचा चहा ठेवा आता. आईने पदर तोंडाला लावला. माझा जीव टांगणीला लागला होता आणि हा गडी आपला उजव्या पायाने जमिनीवर ठेका धरून होता. एक, दोन, तीन, चार. पडद्यावर कावेरीचं चित्र बदललं. एक, दोन, तीन, चार. पुन्हा बदललं.

मग माझ्या डोक्यात उजेड पडला. तो माग मोजत होता. कारखान्यात आठ माग एकदम चालू असताना कोणत्या मागाचा ठोका चुकला हे तो तळपायाने ओळखतो. नेट संथ होतं, पण चित्र दर चार ठोक्यांनी येत होतं, म्हणजे आपलंही तसंच पोचत असणार.

मी फोनवरून त्याचा पंजा बाजूला सारला आणि ओरडलेच, "काका, बसा. उठू नका. पाच मिनिटं फक्त पाहा."

दादाने दोन्ही हात छातीशी आडवे धरले, मूल जोजवतात तसे, आणि तिथेच थांबला. पुतळा. लहान मुलं स्टॅच्यू खेळतात तसा. पापणीसुद्धा हलवली नाही. पाय तेवढा मोजत होता.

मग दिगंबररावांचा आवाज आला, अगदी हळू. "पाळणा?"

मी ओठ दाताखाली धरले होते.

दादाने चार मोजले आणि हात बदलले. दोन्ही हातांच्या चिमटीत एक न दिसणारा धागा ताणून धरला.

"दोरी," दिगंबरराव म्हणाले. "पाळण्याची दोरी."

चार ठोके. आता तो धागा त्याच्या डाव्या मनगटाभोवती.

"मनगटाला बांधली. आपल्याच मनगटाला बांधली." त्यांचा आवाज वाढत चालला होता. गाड्या पुकारायची सवय, एकेक शब्द ठोकून येत होता. त्यांच्या घरातही माणसं गोळा झाली असावीत, कारण मागून कोणीतरी बाई काही सांगू पाहत होती. ते एकदम म्हणाले, "तू थांब. मला कळायलंय. मला कळायलंय हे, तू सांगू नको."

चार ठोके. दादाचा हात दोरीने ओढल्यासारखा वर, डोळे टक्क उघडे.

"लेकरू हललं. दोरी वढली. हा जागा झाला."

चार ठोके. दादाने खांद्यावर मूल घेतलं होतं. त्या रिकाम्या खांद्यावर त्याने गाल टेकला होता आणि डोळे मिटले होते. आमच्या खोलीत हुंदका कोणाचा आला ते मी पाहिलं नाही, बहुतेक माझाच असेल.

कानात मात्र आता काहीच नव्हतं. मी हॅलो म्हटलं, दोनदा म्हटलं. फोन कट झाला होता.

पडद्यावर पुढचं चित्र आलं. खुर्ची रिकामी होती.

"उठून गेले," आई म्हणाली.

पुढच्या चित्रातही खुर्ची रिकामी. कावेरी दाराकडे पाहत होती. त्याच्या पुढच्याही चित्रात तेच. साडेचार झाले. दादाचे हात खाली आले होते, पण पाय अजून मोजत होता. तो थांबला असता तर मी रडले असते. जयाकाकू मला बाजूला घेऊन कुजबुजल्या की एवढं मनाला लावून घेऊ नकोस, इचलकरंजीत मुलींची काय वाण आहे. मी त्यांना काही बोलले नाही, बोलले असते तर पुन्हा त्यांच्या दारात विरजण मागायला जाता आलं नसतं.

मग चित्र बदललं. दिगंबरराव खुर्चीत परत आले होते. खांद्यावरचा टॉवेल नव्हता. त्यांचा उजवा हात लांब होता, बोट कावेरीकडे. ते बोट तसंच ठेवून ते ताठ बसले होते, फोटो काढून घेताना बसतात तसे.

एक, दोन, तीन, चार.

पुढच्या चित्रात त्यांची दोन बोटं त्यांच्याच उजव्या भुवईवर होती.

"डोकं धरलं बघा त्यांनी," जयाकाकू म्हणाल्या. "संपलं."

आई उठून उभी राहिली. तिने वाटीतली साखर घेतली आणि आधी जयाकाकूंच्या तोंडात घातली.

कावेरी माझा श्रीधर, माझा श्रीधर म्हणून घरात वर्षभर भुवईला बोटं लावत होती. त्यांनी ते पाहिलं होतं. कधी विचारलं नव्हतं, कळल्याचं दाखवलंही नव्हतं, पण पाहिलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी हातांनी एक वाक्य केलं, दोन शब्दांचं. कावेरी, श्रीधर. तिसऱ्या चित्रात कावेरीने तोंड झाकलं होतं आणि तिची आई वडिलांच्या खांद्यावर हात ठेवून उभी होती. दादा खाली बसला. जमिनीवरच बसला, इस्त्रीच्या शर्टासकट, आणि त्याने दोन्ही हात मांडीवर उलटे ठेवले, जणू खूप बोलून घसा बसलाय. मधल्या त्या रिकाम्या खुर्चीच्या वेळात दिगंबरराव अंगणात जाऊन नांदेडच्या मंडळींना फोनवर नकार कळवून आले होते, हे आम्हाला दुसऱ्या दिवशी समजलं. जादा डेटाचं पॅक संध्याकाळी सातला सुरू झालं. तेव्हा आम्ही शिरा खात होतो.

लग्न हिंगोलीला झालं. मंगलाष्टकं दिगंबररावांनी स्वतः माइकवर म्हटली आणि शेवटच्या अक्षतेला माइक खाली ठेवून हातांनी मुलीला आशीर्वाद दिला. दोन वर्षांनी ओवी झाली. तिला ऐकू येतं, बोलते तर इतकं की कधीकधी मला दादाचा हेवा वाटतो. तिच्या पाळण्याची दोरी वर्षभर दादाच्या मनगटाला होती, त्याचा वळ अजून दाखवतो तो पाहुण्यांना.

दिगंबरराव आता निवृत्त झाले आहेत. वर्षातून दोनदा येतात आणि महिनाभर राहतात. लेकीशी, जावयाशी तासन् तास बोलतात, हातांनी. फक्त एक आहे. ते खुणा त्या दिवशी शिकले, त्यामुळे खुणांनी असंच बोलायचं असतं अशी त्यांची समजूत झाली आहे. प्रत्येक खूण करतात आणि पुतळ्यासारखी धरून ठेवतात, पायाने चार मोजतात, मग पुढची. चहा हवाय एवढं सांगायला त्यांना अर्धं मिनिट लागतं. ओवीसुद्धा आजोबांशी बोलताना चार मोजते. इतक्या वर्षांत त्यांना कोणी सांगितलं नाही की आता नेट वेगवान झालंय आणि आपण तर एकाच खोलीत बसलोय.

गेल्या दिवाळीत ते असंच निवांत बोलत बसले होते. मी आणि दादा स्वयंपाकघरात ओट्यावर फराळाचं काढत होतो. माझ्या मनात सात वर्षं एक काटा होता, तो त्या दिवशी राहवेना. मी लाडवांचा डबा खाली ठेवला आणि हातांनी त्याला सांगून टाकलं. त्या रविवारी तुझा डेटा मॅचबिचने संपला नव्हता. तो अंघोळीला गेला तेव्हा मी त्याचा फोन घेतला होता. अंबाडा जमेना म्हणून एकामागून एक व्हिडिओ पाहत बसले. दीड जीबी मी संपवले. तुझं लग्न माझ्या डोक्यावरच्या अंबाड्यापायी मोडणार होतं, आणि मी खोटं बोलले.

दादा शेवेचा झारा धुवत होता. त्याने हात पुसले.

"ठाऊक आहे," तो म्हणाला. "अंबाड्याचे अकरा व्हिडिओ. माझ्या फोनमध्ये यादी होती."

"मग तेव्हा बोलला का नाहीस?"

त्याने बाहेर पाहिलं. पुढच्या खोलीत दिगंबरराव लेकीला काहीतरी सांगत होते. दोन्ही हात हवेत थांबलेले, पाय मोजतोय. कावेरी गालावर हात ठेवून त्यांच्याकडे पाहत होती, कसलीही घाई नसलेली.

मग दादा माझ्याकडे वळला. बोटांची टोकं हनुवटीला लावून त्याने हात माझ्याकडे पुढे केला. आमच्यात त्याचा अर्थ आभार. आणि मी मनात चार मोजेपर्यंत त्याने तो हात खाली घेतला नाही.